कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर: फरक पडतो, पण कशाच्या तुलनेत?

कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरचा खरंच उपयोग होतो का, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एकीकडचे म्हणतात मला स्वतःला फरक पडलाय, आधी वाकून खाली पडलेली वस्तू उचलता येत नव्हती आता येते, अजून काय पुरावा पाहिजे. दुसरीकडचे म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत, सुया टोचून कधी मणका सुधारतो का. आणि आपलं म्हणणं खरं करायला दोन्हीकडचे लोक बऱ्याचदा त्याच ट्रायल्स, म्हणजे पेशंटांचे गट करून उपचार तपासणारे प्रयोग, पुढे करतात. हे कसं शक्य आहे? शक्य आहे, कारण "उपयोग होतो का" हा प्रश्नच अर्धा आहे. काहीच न करण्याच्या तुलनेत? गोळ्या आणि व्यायामाच्या तुलनेत? की खोट्या सुयांच्या तुलनेत? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि माझं म्हणणं असं की ती तिन्ही उत्तरं पेशंटला सुई लागायच्या आधी कळली पाहिजेत. त्यातलं एकच सोयीचं उचलून दाखवायचं नाही, ना ट्रीटमेंट देणाऱ्याने ना टीका करणाऱ्याने.

या विषयावरच्या सगळ्यात मोठ्या ट्रायल्सपैकी एक जर्मनीत झाली, 2007 मध्ये तिचे निकाल आले. 1162 पेशंट, सगळे जुनाट कंबरदुखीवाले, सरासरी आठ वर्षं दुखणं अंगावर काढलेले. तीन गट केले. एका गटाला चिनी पद्धतीच्या ठरलेल्या पॉइंट्सवर नीट खोल सुया, दुसऱ्या गटालाही सुयाच पण भलत्याच ठिकाणी आणि वरवर, नुसत्या कातडीत, आणि तिसऱ्या गटाला नेहमीची ट्रीटमेंट म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या सुयांच्या गटात 47.6 टक्के लोकांना चांगला फरक पडला होता, खोट्या सुयांच्या गटात 44.2 टक्के लोकांना, आणि नेहमीच्या ट्रीटमेंटच्या गटात फक्त 27.4 टक्के.

हे तीन आकडे एकत्र वाचा, कारण भांडण सगळं इथेच आहे. समर्थक पहिला आणि तिसरा आकडा घेतात: बघा, नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट लोकांना फरक. विरोधक पहिला आणि दुसरा घेतात: बघा, खऱ्या आणि खोट्या सुईत फरकच नाही, म्हणजे सगळा प्लासिबो, उपचार मिळतोय या समजुतीनेच वाटणारा आराम. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, पण दोघंही एकेक आकडा झाकून ठेवतायत. तिसऱ्या गटाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे त्या लोकांना माहीत होतं की आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत. आठ वर्षं गोळ्या आणि व्यायाम करून कंटाळलेला माणूस सुयांच्या ट्रायलमध्ये नाव घालतो आणि त्याच्या वाट्याला परत तेच येतं, तर त्याची निराशा त्या 27.4 मध्ये थोडीफार तरी उतरली असणार असं मला वाटतं. पण सगळाच फरक निराशेचा म्हणून झटकून टाकता येत नाही, तो तेवढा लहान नाहीये.

आता दुसरी ट्रायल, अमेरिकेतली, 2009 ची, 638 लोकांची. ती मला जास्त बोलकी वाटते. इथे खोटी सुई म्हणजे भलत्या जागी टोचलेली सुई नव्हती, इथे सुईच नव्हती, टूथपिक होती. पेशंट पालथा झोपलेला, डोळ्यांवर पट्टी. सुई टोचताना जी बारीक नळी वापरतात ती थेरपिस्ट पाठीवर टेकवतो, पण नळीत सुईऐवजी टूथपिक. तिच्यावर हलकी टिचकी मारतो, जरा फिरवतो, कातडीला टोक लागतं, पेशंटला वाटतं सुई गेली, आणि मग हळूच नळी आणि टूथपिक दोन्ही काढून घेतो. दहा मिनिटांनी परत येऊन त्याच जागी टूथपिकने सुई फिरवल्यासारखं करतो, मग अजून एकदा, आणि शेवटी सुया काढल्यासारखं करतो. म्हणजे कातडीला एक भोकसुद्धा पडलं नाही. आठ आठवड्यांनी रोजच्या हालचालीत कंबरेमुळे किती अडतं याचा स्कोअर मोजला, 23 पैकी. प्रत्येक पेशंटला बघून वेगळे पॉइंट ठरवले त्या गटात स्कोअर 4.4 ने सुधारला. सगळ्यांना ठरावीक पॉइंट दिले त्या गटात 4.5 ने. टूथपिकच्या गटात 4.4 ने. आणि नेहमीची ट्रीटमेंट चालू ठेवलेल्या गटात 2.1 ने.

हे वाचून अ‍ॅक्युपंक्चरची थिअरी मानणाऱ्या माणसाने जरा थांबायला पाहिजे, असं मी अगदी मनापासून म्हणते. नाडी बघून, जीभ बघून, एवढा विचार करून या माणसाला हेच पॉइंट असं ठरवलं, आणि निकाल ठरावीक पॉइंटवाल्याइतकाच, आणि टूथपिकवाल्याइतकाच. मग मेरिडियन नावाच्या वाहिन्या, त्यातून वाहणारी ऊर्जा, ती अडली की दुखतं आणि सुईने मोकळी होते, या सगळ्याला कंबरदुखीच्या बाबतीत आधार काय उरला? माझ्या मते फारसा नाही. त्या वाहिन्या शरीरात कुणाला सापडलेल्याही नाहीत.

पण मग टीका करणाऱ्यांनीही तितकंच थांबायला पाहिजे, कारण टूथपिकवाल्यांनाही दुप्पट फरक पडला. त्यांची कंबर खरंच कमी अडत होती, ते उठत होते, चालत होते, कामं करत होते. वर्षभरानंतरही सुया आणि टूथपिक मिळालेल्या गटांत हालचाल ठळकपणे सुधारलेली माणसं 59 ते 65 टक्के होती आणि नेहमीच्या ट्रीटमेंटवाल्यांत 50 टक्के. नुसत्या दुखण्याच्या बाबतीत मात्र वर्षाच्या शेवटी असा फरक राहिला नव्हता, हेही सांगायलाच पाहिजे, नाहीतर मीही आकडा झाकल्यासारखं होईल.

इथे कुणीतरी म्हणणारच की अहो कंबर तशीही आपोआप बरी होते. बरोबर आहे, कंबरदुखीचा स्वभावच तो आहे. उसण भरली की माणूस कळवळतो, कूस बदलता येत नाही, पण बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत स्वतःहून सुटायला लागते. जुनाट दुखण्यातही चढउतार असतात, आणि माणूस डॉक्टरकडे किंवा सुयांकडे जातो तो अगदी असह्य झाल्यावर जातो, म्हणजे नंतर थोडं उतरणारच असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते आणि श्रेय कावळ्याला मिळतं. म्हणूनच "मला फरक पडला" हा एकट्यादुकट्याचा अनुभव कितीही खरा असला तरी त्यावरून सुईबद्दल काही ठरवता येत नाही. पण ट्रायलमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात तेव्हा आपोआप बरं होणं सगळ्या गटांत सारखंच असतं. सुयांच्या गटात जो जास्तीचा फरक दिसतो तो त्याच्या वरचा असतो. त्यामुळे आपोआप बरं होतं हे कारण अनुभवांना लागू पडतं, ट्रायलमधल्या त्या जास्तीच्या फरकाला नाही.

अनुभवांची गोष्ट निघालीच आहे तर 1971 चा एक प्रसिद्ध किस्सा. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन चीनमध्ये गेले असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं, आणि नंतर पोट फुगून त्रास झाला तेव्हा त्यावर सुया टोचल्या, त्याबद्दल त्यांनी लिहिलं. पश्चिमेकडे अ‍ॅक्युपंक्चरची हवा त्यानंतरच जोरात सुरू झाली. पण गोष्ट पुढे सरकता सरकता अशी झाली की ऑपरेशनच सुयांवर केलं, भूल न देता. भूल नेहमीच्या औषधानेच दिली होती, हे त्यांच्या स्वतःच्या लेखात होतं. सांगोवांगी गोष्ट किती लवकर वाढते ते यावरून कळतं.

मग सुईने नक्की होतं काय? शरीरात काहीच होत नाही असं नाही. 1970 च्या दशकापासून एंडॉर्फिनवर काम झालंय, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं ती वेदना कमी करणारी रसायनं. 2010 मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात सुई टोचून फिरवल्यावर त्या जागी अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन वाढलं आणि वेदना कमी झाल्यासारखं दिसलं. हे सगळं खरं असू शकतं, पण उंदराच्या पायावरून माणसाच्या दहा वर्षं दुखणाऱ्या कंबरेवर उडी मारता येत नाही, आणि मुख्य म्हणजे टूथपिकने का फरक पडला याचं उत्तर त्यात मिळत नाही. त्याचं उत्तर मला सुईच्या आजूबाजूला दिसतं. कुणीतरी अर्धा तास आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. आधी सगळी हकीकत विचारतात, कधीपासून दुखतं, सकाळी जास्त की रात्री, बसल्यावर की उभं राहिल्यावर. मग दुखऱ्या जागेला हात लावून बघतात. मग शांत पडून राहायचं, कुणी हाक मारत नाही, फोन वाजत नाही. आठवड्यातून एकदोनदा, काही आठवडे सलग. आणि यातून बरं वाटेल अशी आशा. जर्मनीतल्या चार ट्रायल्समधल्या 864 पेशंटांचा डेटा एकत्र करून 2007 मध्ये बघितलं होतं, तेव्हा ज्यांना आधीपासून अ‍ॅक्युपंक्चरकडून जास्त अपेक्षा होती त्यांना फरकही जास्त पडलेला दिसला, आणि यात खोट्या सुया मिळालेलेही होते.

अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं यावर एक उत्तर असतं आणि ते मी उडवून लावणार नाही. ते म्हणतात वरवर टोचलेली सुई किंवा टूथपिकचं टोक हेसुद्धा शरीराला काहीतरी करतंच, कातडीतल्या नसा जाग्या होतातच, त्यामुळे त्याला खोटी ट्रीटमेंट म्हणणंच चूक, ती सौम्य ट्रीटमेंट आहे, आणि तिच्याशी तुलना करून खरी सुई फेल ठरवणं अन्याय आहे. मुद्दा रास्त आहे. पण मग तो शेवटपर्यंत मान्य करा ना! कुठेही टोचून, किंवा न टोचता नुसतं टोक लावूनही बराचसा फरक पडत असेल, तर नेमक्या पॉइंटचा आग्रह, त्यासाठीचं वर्षानुवर्षांचं शिक्षण आणि त्यावर उभी असलेली महागडी तज्ज्ञता, ही सगळी कंबरदुखीपुरती तरी अनावश्यक ठरते. दोन्ही गोष्टी एकदम म्हणता येणार नाहीत.

खऱ्या आणि खोट्या सुईत काडीचाही फरक नाही, असंही म्हणता येणार नाही. 2018 मध्ये 39 ट्रायल्समधल्या 20,827 पेशंटांचा एकेक करून डेटा गोळा केला, त्यात कंबर, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी असं सगळं जुनाट दुखणं होतं. खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस निघाल्या, फरक लहान पण योगायोग म्हणता येणार नाही इतका पक्का. सुया न मिळालेल्या लोकांशी तुलना केली की फरक त्याहून बराच मोठा. त्याउलट 2020 चा कॉक्रेनचा (ट्रायल्स एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा फक्त जुनाट कंबरदुखीवर होता, 33 ट्रायल्स, 8270 लोक, आणि त्यांचं मत पडलं की खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी लगेचच्या वेदनेत पेशंटला जाणवेल एवढा फरक पडत नसावा, काहीच न करण्यापेक्षा मात्र पडतो. थोडक्यात सुईचा स्वतःचा वाटा असलाच तर छोटा, आणि आजूबाजूच्या सगळ्याचा वाटा मोठा.

आता हा नुसता घरगुती वाद असता तर ज्याने त्याने आपल्या पैशाने ठरवावं म्हणून सोडून देता आला असता. पण यात सरकारी पैसा आणि इन्शुरन्स आहे आणि तिथे तर गोंधळच दिसतो. इंग्लंडमध्ये नाईस ही संस्था सरकारी आरोग्यसेवेसाठी गाईडलाईन काढते, तिने 2009 मध्ये कंबरदुखीसाठी बारा आठवड्यांत दहापर्यंत सेशन द्यायला हरकत नाही म्हटलं. 2016 मध्ये त्याच संस्थेने सांगितलं, कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने म्हटलं की कंबरदुखीला आधी बिनऔषधी उपाय करून बघा, आणि त्या यादीत अ‍ॅक्युपंक्चर घातलं. जर्मनीने तर आपल्या ट्रायल्सनंतर 2007 पासून जुनाट कंबरदुखीसाठी इन्शुरन्समधून पैसे द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सने, जानेवारी 2020 पासून. आणि डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर गाईडलाईन काढली, तिच्यात सुयांना अटी घालून मान्यता आहे, आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), कमरेचे पट्टे, अल्ट्रासाउंड, अफूवर्गीय पेनकिलर या गोष्टी नेहमीच्या वापरात नकोत असं म्हटलंय.

पुरावा बऱ्यापैकी तोच आणि निर्णय उलटे, कारण नाईसने 2016 मध्ये विचारलं खोट्या सुईपेक्षा सरस आहे का, आणि बाकीच्यांनी विचारलं पेशंटला सध्या जे मिळतंय त्यापेक्षा सरस आहे का. पहिला प्रश्न सुई का चालते हे शोधणाऱ्याचा आहे. दुसरा प्रश्न दुखणाऱ्या माणसाचा आहे. पैसे कशावर घालायचे हे ठरवताना मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि याचं एक ठोस कारण आहे. नाईसने 2016 मध्ये व्यायामाची शिफारस केली. मीही करते, व्यायाम हा कंबरेसाठी चांगलाच. पण खोटा व्यायाम कसा असतो? पेशंटला कळणार नाही असा नकली व्यायाम बनवणं जवळजवळ अशक्य. म्हणजे व्यायामाला नकली व्यायामाची परीक्षा क्वचितच द्यावी लागते, तो मुख्यतः काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा बरा का एवढंच बघून पास होतो, आणि सुईला मात्र टूथपिकला हरवून दाखव म्हणायचं. एकाच रोगाच्या दोन उपायांना दोन वेगळे पेपर काढायचे आणि मार्क एकाच यादीत लावायचे, हे बरोबर नाही.

गोळ्यांचंही बघा. ताज्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल ही वर्षानुवर्षं पहिली गोळी. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 1652 लोकांवर ट्रायल झाली, गोळी घेणाऱ्यांना बरं व्हायला साधारण 17 दिवस लागले आणि नकली गोळी घेणाऱ्यांना 16. 2023 मध्ये तिथेच ताज्या कंबर-मानदुखीवर अफूवर्गीय पेनकिलर तपासलं, तेही नकली गोळीपेक्षा सरस निघालं नाही, आणि त्या औषधांची सवय लागते हे तर सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या गोळ्या चालत नाहीत म्हणून सुया चालतात असं अजिबात सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या टेबलावरून ही औषधं सर्रास लिहून दिली जातात त्याने अ‍ॅक्युपंक्चरला मात्र "काही पुरावा नाही" म्हणून हसण्यावारी न्यावं, हे पटत नाही.

तर माझं मत असं. कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, तपासून बघितलंय आणि काही गंभीर कारण सापडलं नाहीये, हालचाल चालू ठेवूनही भागत नाहीये, अशा माणसाला अ‍ॅक्युपंक्चरचा एक मर्यादित कोर्स मिळायला हवा, आणि जिथे इन्शुरन्स बाकीच्या कंबरदुखीच्या उपायांना पैसे देतो तिथे यालाही द्यायला हरकत नाही. पण मर्यादित म्हणजे खरंच मर्यादित. मेडिकेअरचा नियम मला या बाबतीत आवडतो: 90 दिवसांत 12 सेशन, सुधारणा दिसली तरच अजून 8, वर्षाला 20 च्या वर नाही, आणि फरक पडत नसेल तर बंद. ट्रीटमेंट कधी थांबवायची हे सुरू करतानाच लिहून ठेवलंय. नाहीतर होतं काय, पाच सेशनने फरक पडला नाही की अजून पाच लागतील म्हणतात, दहाने पडला नाही की दुखणं जुनं आहे वेळ लागणार म्हणतात, आणि फरक पडला तर टिकवायला दर महिन्याला या म्हणतात. म्हणजे काहीही झालं तरी उत्तर एकच, अजून सुया. एकदम मोठं पॅकेज आधी पैसे भरून घेणं हे तर पेशंटने सरळ नाकारावं.

आणि अपेक्षा बेताची ठेवायची. 2025 मध्ये अमेरिकेत 65 च्या पुढच्या 800 लोकांवर ट्रायलचे निकाल आले, नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत अ‍ॅक्युपंक्चर आणि नुसती नेहमीची ट्रीटमेंट अशी तुलना, सहा महिन्यांनी हालचालीच्या स्कोअरमध्ये फरक साधारण एक ते दीडचा. खोट्या सुयांचा गट त्यात नव्हता. या वयात पेनकिलरमुळे पोट, किडनी, बीपी यांचे त्रास होतात म्हणून एवढा फरकसुद्धा कामाचा आहे असं मी म्हणेन, पण हा फरक "कंबरदुखी कायमची गेली" असा नाही, "खुर्चीतून उठताना जरा कमी त्रास होतो" असा आहे.

ज्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही ती गोष्ट म्हणजे खोटे दावे. सुयांनी सरकलेली गादी जागेवर बसते, मणक्यातला गॅप भरून येतो, दबलेली नस मोकळी होते, असं पेशंटला सांगितलं जातं. यातलं काहीही कंबरदुखीच्या ट्रायल्समध्ये दिसलेलं नाही. शिवाय असं सांगण्याचा एक वेगळाच तोटा आहे. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा 2015 मध्ये एक मोठा आढावा झाला, त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. गादी फुगलेली तर विशीतल्या 30 टक्क्यांची. हे सगळे बिनदुखण्याचे लोक! म्हणजे एमआरआयवर जे दिसतं त्यातलं पुष्कळसं केस पांढरे होण्यासारखं वयाचं असतं. पण एकदा का माणसाच्या डोक्यात बसलं की माझा मणका खिळखिळा झालाय आणि कुणीतरी सुयांनी तो सांभाळून धरलाय, की तो वाकायचं सोडतो, उचलायचं सोडतो, चालणं कमी करतो, स्नायू कमजोर होतात, आणि कंबर अजून धरते. सुईने जे थोडंफार दिलं ते या भीतीने काढून घेतलं. त्यामुळे सुयांनी दुखणं हलकं झालेले आठवडे चालणं आणि व्यायाम वाढवायला वापरले पाहिजेत, नुसतं पडून पुढच्या सेशनची वाट बघायला नाही.

धोक्याचं थोडक्यात. जर्मनीत 2,29,230 पेशंटांवर नोंद ठेवली होती, 2009 मध्ये ती छापली. 8.6 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक किरकोळ, रक्त येणं, काळंनिळं होणं, टोचल्या जागी दुखणं. 2.2 टक्क्यांना त्या त्रासावर उपचार घ्यावे लागले. फुफ्फुसाला छिद्र पडून हवा भरल्याच्या केसेस दोन. सुया एकदाच वापरून टाकायच्या असल्या पाहिजेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगितलं पाहिजे. पण सुईपेक्षा मोठा धोका उशिराचा आहे. कंबरदुखीबरोबर दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पायातली ताकद जायला लागली, तर तासाचाही उशीर न करता हॉस्पिटल गाठायचं. ताप येतोय, वजन उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, मोठं पडणं झालंय, तरी आधी डॉक्टर. अशा वेळी चार सुया टोचून बघू म्हणण्यात जे आठवडे जातात ते परत मिळत नाहीत.

शेवटचा एक आक्षेप नेहमी येतो, की पेशंटला खरं सांगितलं तर प्लासिबोची सगळी ताकदच निघून जाईल, म्हणून मेरिडियन वगैरे राहू द्या, कुणाचं काय बिघडतं. मला हे पेशंटला लहान मूल समजण्यासारखं वाटतं. आणि ते खरं असेलच असंही नाही. 2016 मध्ये लिस्बनमधल्या एका हॉस्पिटलच्या ट्रायलचे निकाल आले, जुनाट कंबरदुखीच्या 97 लोकांपैकी अर्ध्या गटाला सरळ सांगून नकली गोळ्या दिल्या, यात औषध नाहीये, पण शरीर कधी कधी प्रतिसाद देतं. तीन आठवड्यांत त्यांचं दुखणं साधारण 30 टक्क्यांनी कमी झालं, नुसत्या नेहमीच्या ट्रीटमेंटवर असलेल्यांपेक्षा बरंच जास्त. ट्रायल छोटी आहे, थोड्याच दिवसांची आहे, यावर इमारत उभी करू नये. पण खोटं बोलल्याशिवाय आराम मिळतच नाही हा दावा तरी यापुढे कुणी छातीठोकपणे करू नये.

खरं कसं सांगायचं? काही अवघड नाही. "तुमची कंबर बराच काळ दुखतेय. सुयांनी बऱ्याच लोकांना काही महिने थोडं बरं वाटतं. नेमक्या कुठल्या जागी टोचलं याने फार फरक पडत नाही, शांत पडण्याचा, हात लावून तपासण्याचा, आशेचा त्यात मोठा वाटा आहे. पाचसहा वेळा करून बघू, फरक नाही पडला तर थांबवू, आणि दरम्यान तुम्ही रोज चालणं वाढवायचं." एवढं बोलायला मिनिटभरही लागत नाही.

आणि टूथपिकवाल्या ट्रायलकडे परत बघून मला जे सगळ्यात खटकतं ते सुईबद्दल नाहीच. तिथे फरक कशाने पडला असेल तर मुख्यतः अर्धा तास, लक्ष देऊन ऐकणं, हात लावून तपासणं आणि सलग काही आठवडे तोच माणूस भेटणं याने. आज बहुतेक ठिकाणी जुनाट कंबरदुखीच्या पेशंटला डॉक्टरकडे मिळतात काही मिनिटं, एक चिठ्ठी, एक स्कॅन. सुई टोचली तर अर्ध्या तासाचं बिल होतं, तोच अर्धा तास डॉक्टरने किंवा फिजिओने बोलण्यात, तपासण्यात, वाकायची भीती घालवण्यात घालवला तर त्याचे पैसे देणारा इन्शुरन्स शोधावा लागतो. गाईडलाईन बनवणारे वर्षानुवर्षं सुईला पैसे द्यायचे की नाही यावर मतं बदलतायत. त्या अर्ध्या तासाला पैसे द्यायचे का, याच्यावर एक सरळ ट्रायल घ्या: एका गटाला अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला तितकेच सेशन, तितकाच वेळ, तितकाच हात लावून तपासणं आणि त्यासोबत हळूहळू वाढवत नेलेली हालचाल, सुई नाही, टूथपिक नाही, पेशंटपासून काही लपवलेलं नाही. वर्षभराने कुणाची कंबर कमी अडतेय ते बघा, आणि मग इन्शुरन्सच्या यादीत काय घालायचं ते ठरवा.